टूरचा घाटातला दिवस: थेट प्रक्षेपण आणि रेस सेंटर कितपत पुरतं?

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा डोंगरी टप्पा पडद्यावर नीट बघायचा तर दोन गोष्टी हाताशी हव्यात. एक म्हणजे फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीचा चमू तयार करतो ते थेट प्रक्षेपण. जगभरच्या वाहिन्या तीच दृश्यं घेतात आणि त्यावर आपापलं समालोचन चढवतात. दुसरी गोष्ट टूरच्या अधिकृत संकेतस्थळावरचं रेस सेंटर. ते फुकट आहे आणि त्यात गट, गटांमधलं अंतर, वेग आणि चढाची टक्केवारी आकड्यांत दिसते. दोन्ही सेवा चांगल्या आहेत, पण घाटात त्यांचे दोष उघडे पडतात आणि ते दर वेळी त्याच त्याच जागी पडतात. त्या जागा माहीत असल्या की शर्यत कळायला लागते.

आधी प्रक्षेपणाबद्दल. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत दाखवला जातो. डोंगरी टप्प्यासाठी या निर्णयाचं मोल फार मोठं आहे. पूर्वी प्रक्षेपण मधूनच सुरू व्हायचं, तोवर ब्रेकअवे, म्हणजे मुख्य गटातून पुढे निसटणारा छोटा गट, निघून गेलेला असायचा आणि त्यात कोणत्या संघाचे कोण गेले, मागच्यांनी किती झुंज देऊन त्यांना सोडलं, हे गुलदस्त्यातच राहायचं. घाटातला डाव बहुधा त्याच पहिल्या तासात मांडला जातो. एकूण विजेतेपदाच्या दावेदाराचे संघातले दोन सोबती सकाळीच पुढे निघून गेले असतील, तर दुपारी खिंडीपलीकडच्या सपाटीवर ते त्याची वाट बघत थांबू शकतात. म्हणून वेळ थोडाच असेल तर पहिला तास आणि शेवटचे दोन तास बघावेत, मधला भाग सोडला तरी चालतो.

चित्र आपल्यापर्यंत येतं कसं, हे समजलं की ते कधी जाणार याचाही अंदाज येतो. मोटरसायकलवर मागे उलटा-सुलटा वळून बसणारा कॅमेरामन आणि हेलिकॉप्टर, दोघांचा सिग्नल वर घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे जातो आणि तिथून अंतिम रेषेजवळच्या तांत्रिक तळावर उतरतो. दरीत मोटरसायकलला थेट जमिनीवरचा टॉवर दिसत नाही, म्हणून ही आकाशातली साखळी लागते. ढग खाली उतरले, वादळ आलं, हेलिकॉप्टरला उडता येईना, की साखळी तुटते. याचं ठळक उदाहरण इटलीतलं आहे. २०२१ च्या जिरो या इटलीच्या शर्यतीतला कोर्तिनाचा टप्पा. पाऊस आणि थंडीमुळे फेदाइया आणि पोर्दोई हे घाट वगळावे लागले आणि शर्यतीचा मोठा भाग चित्रांविनाच गेला. एगान बेर्नालनं पास्सो जाउवर केलेली निर्णायक चढाई प्रेक्षकांना जवळजवळ दिसलीच नाही. अशा दिवशी पडद्यावर अंतिम रेषेचं रिकामं दृश्य दिसायला लागलं की चॅनेल बदलत बसू नये, कारण सगळीकडे तेच चित्र येत असतं. मजकुराच्या थेट नोंदी उघडाव्यात. शर्यतीच्या अंतर्गत रेडिओवर जाहीर होणारी माहिती तिथे येत राहते.

आता मुख्य प्रश्न: पडद्यावरचं अंतर खरं मानायचं का?

घाटात सर्वांत जास्त फसवतं ते मीटरमधलं अंतर. ताशी ६० किलोमीटर वेगात शंभर मीटर म्हणजे सहा सेकंद. ताशी २० ला तेच शंभर मीटर अठरा सेकंदांचे होतात आणि १५ च्या वेगाला चोवीस. म्हणून हेलिकॉप्टरमधून दोन रायडर अगदी जवळ दिसतात आणि समालोचक ‘आता पकडलाच’ म्हणतो, तेव्हा त्यांच्यात अर्धं मिनिट असू शकतं. खिंडीवर याच्या उलट होतं. पुढचा माथा ओलांडून उतारावर सुटतो, मागचा अजून चढावरच असतो, आणि तीस सेकंदांची फट डोळ्यांदेखत दीडशे मीटरांवरून पाचशेवर जाते. रबर ताणावं तशी ही फट लांबते आणि पुढच्या चढाच्या पायथ्याशी पुन्हा आखडते, पण सेकंद तेवढेच राहतात. त्यामुळे माथ्याच्या आगेमागे दिसणारी ‘आघाडी वाढली’ किंवा ‘घटली’ ही पाटी मनावर घेऊ नये. उतार लागून दोघांचा वेग सारखा झाला की मगच आकडा बघावा.

रेस सेंटरमध्ये अंतर सेकंदांत मिळतं, हा त्याचा मोठा गुण. प्रत्येक सायकलच्या सीटखाली जीपीएसचा छोटा ट्रॅकर असतो आणि त्यावरून कोण कोणत्या गटात, किती मागे, हे काढलं जातं. लांब सरळ चढांवर, दरीतल्या रस्त्यावर ते चोख चालतं. मात्र नागमोडी वळणांवर सांभाळून वाचावं लागतं. मोंव्हेर्निएच्या वळणांसारख्या ठिकाणी रस्ता स्वतःवरच इतका घडी घालून चढतो की वरचा पट्टा आणि खालचा पट्टा नकाशावर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात. जीपीएसची चूक थोडीशीच असली तरी रायडर वरच्या पट्ट्यावर की खालच्या, हा घोळ होऊ शकतो. मग आकडा एकदम दहा-वीस सेकंदांनी उडी मारतो आणि पुन्हा जागेवर येतो. अशी उडी दिसली तर पुढच्या दोन नोंदी येईपर्यंत थांबावं. दुसरी गोष्ट, ट्रॅकर सायकलवर असतो, रायडरच्या अंगावर नाही. टायर पंक्चर होऊन सायकल बदलली की यादीतलं त्याचं स्थान काही काळ विश्वासाचं राहत नाही. दावेदार अचानक चार मिनिटं मागे दाखवला गेला आणि प्रक्षेपणात कुणीच घाबरलेलं नसेल, तर आधी सायकल बदलल्याची शंका घ्यावी.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वतः मोजणं. फोनचं स्टॉपवॉच पुरतं. न हलणारी खूण निवडायची: रस्त्यावर रंगवलेलं एखादं ठळक नाव, वळणावरची पाटी, उरलेल्या किलोमीटरची कमान. फ्रान्समधल्या बहुतेक नावाजलेल्या घाटांवर दर किलोमीटरला फलक असतो आणि त्यावर माथा किती दूर, उंची किती, पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती, हे लिहिलेलं असतं. आल्प द्युएझवर तर एकवीस वळणांना उलटे क्रमांक आहेत, पायथ्याला २१ आणि वर १. पुढचा रायडर खुणेवरून गेला की बटण दाबायचं आणि मागचा तिथून गेला की थांबवायचं. दोन खबरदाऱ्या घ्यायच्या. मधे रिप्ले आला तर मोजणी रद्द.  आणि दोन्ही वेळा कॅमेरा समोरून असावा किंवा दोन्ही वेळा वरून. कोन बदलला की दोन-तीन सेकंदांची चूक सहज होते.

वेगाचा आकडाही एकटा बिनकामाचा आहे. ताशी १८ हा वेग चांगला की वाईट, हे चढ किती टक्के आहे त्यावर ठरतं. सोपा हिशेब असा: वेग गुणिले चढाची टक्केवारी गुणिले दहा. ताशी २० वेग आणि ९ टक्के चढ म्हणजे तासाला १८०० मीटर उंची. हा आकडा वेगवेगळ्या घाटांवर तुलनेला चालतो. रायडर वजनाच्या दर किलोमागे किती वॅट ताकद लावतोय, याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर त्याला २०० अधिक टक्केवारीच्या दहापटीनं भागावं. वरच्या उदाहरणात १८०० भागिले २९० म्हणजे ६.२ च्या आसपास. हा अंदाज अतिशय कच्चा आहे. समोरून वारा, दोन हजार मीटरवरची विरळ हवा आणि दुसऱ्याच्या चाकाआड बसणं, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. चार-पाच टक्क्यांच्या सौम्य चढावर तो सपशेल चुकतो. तिथे वेग जास्त असल्यामुळे ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो आणि चाकाआड बसणाऱ्याचा बराच जोर वाचतो. आठ टक्क्यांच्या वर आणि निदान पंधरा मिनिटं मोजलं तरच हा हिशेब करावा.

टप्प्याच्या आलेखाबद्दल एक तक्रार वर्षानुवर्षं कायम आहे. उंची ताणून काढलेली असते आणि प्रत्येक टप्प्याचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे दोन टप्प्यांचे आकार शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ. सरासरी टक्केवारीही लपवाछपवी करते. २०२३ च्या टूरमधला कोल द ला लोझ हा घाट कागदावर २८.१ किलोमीटर आणि सरासरी ६ टक्के. आकडा बघून कुणालाही वाटेल की संघ मिळून एका लयीत चढून जातील. प्रत्यक्षात माथ्याजवळच्या अरुंद पट्ट्यात वीस टक्क्यांच्या वरचे टप्पे आहेत आणि त्या दिवशी दावेदार तादेय पोगाचार त्याच घाटावर दमून मागे पडला, टूरचा निकाल जवळजवळ तिथेच लागला. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक किलोमीटरची वेगळी टक्केवारी देणारा आलेख शोधून ठेवावा आणि त्यातले दोन सर्वांत कठीण किलोमीटर लक्षात ठेवावेत. खरा अटॅक, म्हणजे एकदम वेग वाढवून सुटण्याचा प्रयत्न, बहुधा त्यांच्यावर किंवा त्यांच्या ठीक आधी होतो.

हे सगळं एकत्र कसं वापरायचं, यासाठी २०२२ चा अकरावा टप्पा पुन्हा बघण्यासारखा आहे: आल्बेरव्हिल ते कोल द्यु ग्रानाँ. सकाळी पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे, आणि योनास विंगेगार्ड ३९ सेकंद मागे. विंगेगार्डच्या युम्बो-व्हिस्मा संघानं व्हाउट व्हान आर्ट आणि क्रिस्तोफ लापोर्त यांना ब्रेकअवेमध्ये धाडलं होतं. पहिल्या तासाचा मुद्दा वर आला तो इथे दिसतो. पुढे तेलेग्राफ आणि गालिबिएच्या पट्ट्यात त्याच संघाचा प्रिमोझ रोग्लिच आणि विंगेगार्ड यांनी पाळीपाळीनं अटॅक केले. पोगाचारनं प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं. पडद्यावर त्या वेळी पोगाचार अजिंक्य दिसतो, कारण कॅमेरा चेहरा दाखवतो आणि फट पडतच नाही. पण मोजायची गोष्ट दुसरीच होती. तो प्रत्येक वेळी पाठलागाला एकटा उठत होता आणि समोरचे दोघं आलटून पालटून दम घेत होते. गालिबिएच्या २६४२ मीटर माथ्यानंतर लांब उतार आणि दरीचा रस्ता येतो, म्हणजे माथ्यावर गट फुटला तरी पुन्हा जुळायला वाव होता. त्यामुळे तिथल्या अंतरांना फार किंमत द्यायची नव्हती.

ग्रानाँ ११.३ किलोमीटरचा आणि सरासरी ९.२ टक्क्यांचा. इथे संघातला सोबती राफाल मायका पोगाचारसाठी गती धरतो आणि बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. माथ्याला पाचेक किलोमीटर राहिले असताना विंगेगार्ड सुटतो आणि पोगाचार या वेळी उठतच नाही. आता हिशेब. विंगेगार्ड जिंकला, पोगाचार २ मिनिटं ५१ सेकंद मागे सातवा आला. विजेत्याला १० सेकंदांचा बोनस (एकूण वेळेतून सूट), म्हणजे फरक ३ मिनिटं १ सेकंद. त्यातून सकाळचे ३९ सेकंद वजा केले की २ मिनिटं २२ सेकंद उरतात, आणि संध्याकाळच्या यादीत पोगाचार तेवढाच मागे होता. पडद्यावरची ‘तात्पुरती क्रमवारी’ बऱ्याचदा बोनस न धरता दाखवली जाते, म्हणून ही वजाबाकी स्वतः करायची सवय लावावी.

रायडर थकला हे कशावरून ओळखावं? जर्सीची चेन उघडी असणं, तोंड उघडं असणं याला फारसा अर्थ नाही, जुलैच्या उन्हात सगळ्यांचीच असते. सर्वांत विश्वासू खूण म्हणजे पुढच्या चाकापासूनचं अंतर. ताजा रायडर ते वितभर ठेवतो आणि राखतो. थकलेल्याचं अर्ध्या सायकलीइतकं वाढतं, मग तो जोर लावून भरून काढतो, पुन्हा वाढतं. तीन वेळा असं झालं की पुढच्या किलोमीटरमध्ये तो सुटणार, असं धरून चालावं. हे फक्त बाजूनं किंवा वरून दिसतं, समोरच्या कॅमेऱ्यात सगळे एकमेकांना चिकटलेलेच वाटतात. म्हणून हेलिकॉप्टरचं दृश्य आलं की निसर्ग नंतर बघावा, आधी गटाची शेपटी बघावी. दिग्दर्शक पुढच्यावर जास्त वेळ रेंगाळतात, आणि मागून कोण गळतंय हे दाखवायला उशीर करतात. प्रक्षेपणाचे गुण कापायचे तर इथे कापावेत.

संघांच्या रेडिओचे तुकडे ऐकायला रोमांचक असतात, पण ते निवडून आणि उशिरानं ऐकवले जातात. त्यावरून चालू डावपेच ओळखता येत नाहीत.

प्रक्षेपण स्वतःच शर्यतीत हस्तक्षेप करतं, हेही नोंदवायला हवं. २०२३ च्या चौदाव्या टप्प्यात जु प्लानच्या माथ्याजवळ पोगाचारनं अटॅक केला आणि समोर दोन मोटरसायकली गर्दीत अडकल्या, एक दूरचित्रवाणीची आणि एक छायाचित्रकाराची. त्याला थांबावं लागलं. माथ्यावर ८, ५ आणि २ सेकंदांचा बोनस होता, विंगेगार्डनं आठ घेतले, पोगाचारला पाच मिळाले. मोर्झिनमध्ये कार्लोस रोद्रिगेस जिंकला, पोगाचारला दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि विंगेगार्डला तिसऱ्याचे चार सेकंद मिळाले. दिवसाअखेर दोघांमधला फरक नवाचा दहा सेकंद झाला. अरुंद घाटात कॅमेरा इतका जवळ असण्याची ही किंमत आहे आणि आयोजकांनी ती आणखी गांभीर्यानं घ्यायला हवी.

रेषा ओलांडल्यावर लगेच दिसणारी क्रमवारी अंतिम मानू नये. २०१६ मध्ये माँ व्हाँतूचा शेवट जोरदार वाऱ्यामुळे शाले रेनारपर्यंत खाली आणला होता. गर्दीत मोटरसायकल थांबली, रिची पोर्ट, बाउके मोलेमा आणि क्रिस फ्रूम तिच्यावर आदळले आणि फ्रूम सायकलविना धावत सुटला. पडद्यावर अ‍ॅडम येट्स पिवळ्या जर्सीचा मानकरी दिसत होता. पंचांनी नंतर फ्रूम आणि पोर्ट यांना मोलेमाइतकीच वेळ दिली आणि जर्सी फ्रूमकडेच राहिली. २०१९ मध्ये तर इझरानच्या उतारापलीकडे गारपीट आणि दरड कोसळल्यामुळे टप्पा मधेच थांबला. वेळ २७७० मीटरवरच्या माथ्यावरची धरली गेली, बेर्नालला जर्सी मिळाली आणि टप्प्याचा विजेता कुणीच ठरला नाही. अशा दिवशी रेस सेंटरमधल्या थेट आकड्यांपेक्षा पंचांचं पत्रक निघेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

रेस सेंटर जिथे प्रक्षेपणाला सहज मागे टाकतं ती जागा म्हणजे शर्यतीचं शेपूट. स्प्रिंटर मंडळी (सपाटीवर शेवटच्या झेपेत तरबेज, चढावर मंद) घाटात एकत्र जमून वेळेच्या मर्यादेत पोचायची धडपड करतात आणि कॅमेरा तिकडे क्वचितच वळतो. मर्यादा विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांनी काढतात. टप्पा किती कठीण आणि विजेत्याचा वेग किती, यावर ते टक्के बदलतात. त्यामुळे छोटा टप्पा त्यांना जास्त घातक. १० टक्के धरले तर पाच तासांच्या टप्प्यात तीस मिनिटं मिळतात, तीन तासांच्या टप्प्यात फक्त अठरा. २०१८ चा ला रोझिएरचा टप्पा १०८.५ किलोमीटरचाच होता आणि मार्क कॅव्हेंडिश, मार्सेल किटेल दोघंही त्यात वेळेबाहेर जाऊन शर्यतीतून बाद झाले. विजेता पोचल्यावर प्रक्षेपण मुलाखतींकडे वळतं, तेव्हा रेस सेंटरमध्ये शेवटच्या गटाचं अंतर आणि मर्यादा शेजारी ठेवून बघत राहावं.

दोन्ही एकत्र चालवताना वेळेचा मेळ घालणं आवश्यक. इंटरनेटवरचं चित्र अर्ध्या ते एक मिनिटानं मागे असू शकतं, त्यामुळे अटॅक आधी आकड्यांत कळतो आणि मजा जाते. दोन्हीकडचं उरलेलं अंतर एकदा ताडून फरक लक्षात ठेवावा आणि शेवटच्या दहा किलोमीटरला आकडे बाजूला ठेवून फक्त चित्र बघावं.

घाटात रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्यांना मात्र यातलं फारसं उपयोगी नाही. हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क बसतं. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक असतं: प्रत्येक गाव आणि माथा, जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा केव्हा आणि शर्यत केव्हा, तेही तीन वेगवेगळे सरासरी वेग धरून. ते आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्यावं. ताफा शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जातो आणि रस्ता त्याच्याही बराच आधी बंद होतो. डोंगरी टप्प्यात पहिला रायडर मधल्या रकान्याच्या वेळेच्या आसपास धरून चालावं. पण चढाच्या वरच्या भागात पहिल्या आणि शेवटच्या गटात अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो, तेव्हा पिवळी जर्सी गेली म्हणून लगेच उतरायला लागू नये. शर्यत संपल्याची पाटी लावलेली गाडी जाईपर्यंत रस्ता रायडरांचाच असतो.